दोर सुटला नव्हता

मी, शेवटच्या पानावर सही करणारा, वय वर्षे एक्कावन्न, धंदा काचकाम, राहणार तळमजल्यावरच्या दोन खोल्या, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. कमरेखालचे शरीर बावीस वर्षांपासून माझे ऐकत नाही, वरचे ऐकते. डोके ठिकाणावर आहे ना, असे वकीलसाहेबांनी तीनदा विचारले, म्हणून मनाच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी लिहिले आहे, "उदास असतात, पण पूर्ण शुद्धीत आहेत." याहून खरे मलाही लिहिता आले नसते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आणि हे जीव द्यायच्या तयारीने केलेले नाही, हेही नमूद करतो. तशी तयारी एकदा झाली होती, ती कलम तीनमध्ये येईल.

कलम १. दोन्ही खोल्या, बँकेतली ठेव आणि घरातली प्रत्येक वस्तू माझ्या पत्नीची. माझ्या थोरल्या भावाने यात हक्क सांगू नये. पहिल्या वर्षी तो दर रविवारी येऊन खाटेच्या कडेला बसायचा, "मन खंबीर ठेव" म्हणायचा आणि घड्याळाकडे बघायचा. दुसऱ्या वर्षी घड्याळ बघायलाही आला नाही. माझा राग आता निवला आहे, पण खोल्या मात्र त्याला मिळणार नाहीत.

कलम २. चाकाची खुर्ची, हवेची गादी आणि न वापरलेल्या लघवीच्या नळ्यांची खोकी इस्पितळातल्या आमच्या मंडळाला द्यावीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व्यायामाच्या खोलीत आम्ही सात-आठ खुर्च्यावाले गोल करून बसतो. सगळ्यांचे मणके मोडलेले. तिथे कोणी खंबीर राहायला सांगत नाही. लघवीच्या पिशवीपासून ते बायकोच्या शेजारी नुसते पडून राहण्यापर्यंत सगळे बोलले जाते, शिव्यांसकट. मी तिथे सात वर्षे जातो आहे आणि त्यातली सहा वर्षे तिथेही खोटे बोललो.

कलम ३. माझ्या पत्नीविषयी. मी पडलो तेव्हा आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. तिची आई न्यायला आली होती, ही गेली नाही. मूल झाले नाही. बावीस वर्षे दर दोन तासांनी तिने मला कुशीवर वळवले आहे आणि पाठीची कातडी तपासली आहे. सहाव्या वर्षी मला बसायच्या जागी, सततच्या दाबाने, जखम झाली. मला तिथे काही जाणवत नाही, पण आरशात दिसली होती. मी मुद्दाम सांगितले नाही. ती तपासायला आली की "आत्ता नको, झोप येतेय" म्हणायचो. सुटका आपोआप होत असेल तर होऊ दे, असे मनात होते. वासावरून तिने ओळखले. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होते. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "मरायचं असेल तर माझ्या तोंडावर सांगा. लपवून नाही." त्यानंतरच मी डॉक्टरीणबाईंकडे जायला लागलो. मन बरे झाले असे लिहिणार नाही. काही सकाळी अजूनही डोळे उघडल्याचा राग येतो. पण आता तो मी बोलून दाखवतो.

माझ्यामागे तिने मनात असेल तसे जगावे, लग्न करावेसे वाटले तर करावे. एवढे कलम तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "सत्तेचाळिसाव्या वर्षी मला कोण विचारतंय? आणि आणखी एकाचं करायची माझी ताकद नाही." तरीही कलम ठेवतो.

कलम ४. माझी हत्यारे, म्हणजे काच कापायचे दोन कटर, मोठी काच उचलायच्या रबरी वाट्या आणि काटकोन, हे पडण्याआधीच्या माझ्या जोडीदाराला द्यावे. काचबाजार त्याला "दोरसोड्या" म्हणून ओळखतो. ते नाव त्याला माझ्यामुळे पडले.

कलम ५. त्याने दोर सोडला नव्हता.

काम तिसऱ्या मजल्यावर होते, मोठी खिडकी. काच दोराला बांधून तो गच्चीवरून खाली सोडत होता आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर उभा राहून ती आत घेणार होतो. माझा कमरेला बांधायचा सुरक्षेचा पट्टा खाली टेम्पोत राहिला होता. जिने उतरायचा कंटाळा आला. वरून त्याने विचारले, "पट्टा बांधलास का रे?" मी म्हणालो, "बांधला, बांधला. सोड तू." वाऱ्याने काच फिरली, मी तिची कड धरायला बाहेर वाकलो आणि गेलो. खालून मी वर पाहिले तेव्हा काच दोरावर तशीच लटकत होती. तिला तडाही गेला नव्हता. दोर सुटला असता तर काच माझ्या आधी खाली आली असती, हा साधा हिशेब बावीस वर्षांत कोणी केला नाही.

इस्पितळात पत्नीने विचारले, "कसं झालं हो?" चार महिन्यांच्या नवरीला, आळसापायी तुझे आयुष्य मोडले, असे सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हणालो, "त्याने दोर सोडला." ठेकेदार विचारायला आला, त्यालाही तेच सांगितले. तिथून ते बाजारभर झाले. त्याच्या हाताखाली उभे राहायला कोणी तयार होईना. वर्षभरात त्याचे काचकाम सुटले. आता तो एका गोदामावर पहारेकरी आहे. "तो इस्पितळात फिरकलासुद्धा नाही," असे मी सगळ्यांना सांगत आलो, तेही खोटे. तो दुसऱ्याच महिन्यात आला होता. पत्नीने त्याला दारातूनच हाकलले, वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात. मी डोळे मिटून पडून राहिलो.

हे आता का लिहितो? गेल्या वर्षी मंडळात एक ट्रकवाले आले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "समोरून कोणी आलं नव्हतं. मला डुलकी लागली. माझा क्लीनर गेला आणि मी असा राहिलो." शेजारच्याने त्यांच्याकडे पाण्याची बाटली सरकवली. मला त्या दिवशी कळले की जोडीदारावर काढलेला राग हा माझा आधार होता, कमरेच्या पट्ट्यासारखा आवळून बांधलेला. तो सोडला तर मी स्वतःवरच कोसळणार होतो. सोडायला मला आणखी वर्ष लागले.

कलम ६. हत्यारांचा स्वीकार आहे का, हे विचारून घ्यावे असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून जोडीदाराला शनिवारी घरी बोलावले. पहाऱ्याच्या गणवेशातच आला. केस पार पांढरे. मी कलम पाच वाचून दाखवले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मध्येच थांबला.

त्याने स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे तू पट्टा बांधलाच नव्हता?"

"नव्हता."

"पहिली दोन-तीन वर्षं मी सगळ्यांशी भांडलो. सुटला नाही म्हणायचो. मग वाटायला लागलं, एवढे सगळे म्हणतात तर सुटला असेल. आता तर मला आठवतंसुद्धा, गड्या. हातातून दोर सरकल्याचं आठवतं. जे झालंच नाही ते मला आठवतं."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "हत्यारं नकोत. या हातांवर माझा विश्वास राहिला नाही." उठला, चपला घातल्या आणि गेला. म्हणून कलम चार रद्द समजावे. हत्यारांचे काय करायचे ते मला सुचत नाही.

त्या दुपारी माझी कूस बदलायची वेळ झाली, पत्नी आली नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हाक मारायचा मला हक्क वाटला नाही. तासाभराने आली, मला वळवले, पाठ तपासली, चादर सरळ केली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "तुम्ही पडलात त्याचं मी एका शब्दाने बोलले नसते. पण त्या माणसाला तुम्ही माझ्या तोंडून हाकलून लावलंत."

मी म्हणालो, "म्हणून तर लिहून ठेवलंय. मी गेल्यावर सगळ्यांना कळेल."

"गेल्यावर?" ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला कोण काय बोलणार आहे? आणि तोवर त्याने काय करायचं?"

गेले दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे.

कलम ७. सबब, कलम पाचची अंमलबजावणी माझ्या मृत्यूवर अवलंबून ठेवीत नाही. उद्या मंगळवारी सकाळी दहा वाजता, दुकाने उघडल्यावर, काचबाजाराच्या चौकात मी ते मोठ्याने वाचीन. ठेकेदार अजून तिथेच बसतो. लोक थांबतील, हसतील किंवा निघून जातील. जोडीदाराला निरोप धाडला आहे, त्याचे उत्तर आलेले नाही. पत्नी सोबत येणार नाही, तसे तिने स्पष्ट सांगितले आहे. परत आल्यावर ती माझ्याशी बोलेल की नाही, हे मला माहीत नाही. खुर्ची चौकापर्यंत माझी मीच ढकलणार आहे.

वरील सर्व वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: ट्रकवाले, मंडळातले. (सही) उद्या सोबत येतो म्हणाले आहेत.
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे औषधवाले. (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
वार सोमवार, तारीख सतरा, संध्याकाळचे साडेपाच.