कडेच्या खुर्च्या

११ नोव्हेंबर, मंगळवार

मास्तर नाचाची तिकिटं घेऊन आला! जो माणूस आमच्या लग्नात नाचला नाही तो. नाचही कसला, तर आधुनिक. म्हणजे गाणं नाही, गोष्ट नाही, नुसती माणसं हलणार. "ताप आहे का तुला?" विचारलं. तर म्हणे, शाळेतल्या संगीताच्या बाईंनी पाहिला, फार वाखाणत होत्या. त्या बाईंना काही आवडलं हीच बातमी.

रविवारी दुपारचा खेळ. खुर्च्या कडेच्या. मुद्दाम मागून घेतल्या म्हणे. पाय मोकळे राहतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दूध करपलं. मास्तर ओट्याशीच उभा, पेपर वाचत! घरभर वास, ह्याला पत्ता नाही. "नाकाने संप केलाय का?" म्हटलं. हसला. पातेलं मात्र त्यानेच घासलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आज गर्दी. पेशंट दारातून टेबलापर्यंत चालत येतो तेवढ्यात माझं निम्मं काम झालेलं असतं. कोण कुठला पाय वाचवतोय, कोणाची मान आखडलीय. पोटापाण्याची सवय, रस्त्यातही सुटत नाही.

घरात मात्र बंदी! गेल्या वर्षी भाऊजींकडे जेवायला गेलो होतो. ते जिना चढत होते आणि मी बोलून गेले, "भाऊजी, कंबर एका बाजूला झुकतेय तुमची, दाखवून घ्या." जाऊबाई रडायला लागल्या. जेवण गार झालं. पुढे तपासणीत काही निघालंही नाही. घरी येताना मास्तर एवढंच म्हणाला, "घरच्या माणसांकडे त्या नजरेने बघायचं नाही. ती नजर चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायची."

तेव्हापासून ठेवते. कधीकधी हात शिवशिवतात, पण ठेवते.

१६ नोव्हेंबर, रविवार

नाच पाहून आलो.

लहानसा हॉल, काळी जमीन, पडदा नाही. सहा जण. सुरुवातीला संगीतही नाही, फक्त श्वास ऐकू येत होते. एक मुलगा पडायचा, उठायचा, परत पडायचा. मास्तर माझ्या कानात, "मधल्या सुट्टीत हे मी फुकट बघतो." पुढची बाई वळून बघायला लागली. मी पर्समध्ये तोंड घातलं.

मग दोघांचा नाच होता. एकाने सगळा भार दुसऱ्यावर टाकायचा आणि दुसऱ्याने हळूच बाजूला व्हायचं. दर वेळी वाटायचं, आता आपटणार. कोणी आपटलं नाही. तो भाग मला आवडला. लाल कपड्यातली मुलगी डावा गुडघा वाचवत होती. (परक्यांना बंदी लागू नाही.)

शेवटी एक नाचणारी पुढे आली, म्हणाली, "ज्यांना यायचंय त्यांनी वर या. नाचू नका. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, वळा, परत या." सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आणि मास्तर उठला! सगळ्यांत आधी! मी शर्ट ओढला तर म्हणाला, "तू बस. बघ."

आम्ही कायम शेजारी शेजारी चालतो. मी त्याला लांबून चालताना शेवटचं कधी पाहिलं?

पांढरा उजेड. मास्तर चालला. डावा हात पुढे-मागे. उजवा हलत नव्हता. कोपरात थोडा वाकलेला, अंगाला चिकटून राहिलेला. टोकाला पोचला, तिथे एका झटक्यात वळला नाही. छोटी छोटी पावलं टाकत वळला. परत येताना सरळ माझ्याकडे बघत होता.

मी टाळ्या वाजवल्या.

रस्त्यात विचारलं त्याने, "कसं वाटलं?"

"लाल कपड्यातलीचा गुडघा जाणार."

"आणि मी?"

"तू टाळ्या घेतल्यास की."

 

१७ नोव्हेंबर, सोमवार

क्लिनिकच्या मोठ्या मॅडमना सांगितलं. एक पेशंट आहे म्हटलं, पन्नाशीचा. चालताना उजवा हात हलत नाही, वळताना छोटी छोटी पावलं टाकतो. हात थरथरत मात्र नाही.

"सुरुवातीला थरथरायलाच हवं असं नाही, तुला माहितीय," त्या म्हणाल्या. "वास येतो का त्याला?"

करपलेलं दूध आठवलं. "दूध करपलं तरी कळलं नाही," बोलून गेले.

मॅडमनी दार लावून घेतलं. "घरचं कोणी?"

"मास्तर."

खांदा आखडला असेल, असंही त्या म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून. मग म्हणाल्या, पार्किन्सन असेल तर लवकर कळलेलं बरं. मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. तू सांगतेस की मी फोन करू?

मी सांगते म्हटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नाही सांगितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चपलेचा पट्टा सुटल्याचं नाटक करून मागे राहिले. त्याला पुढे जाऊ दिलं. तेच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आरशासमोर वरच्या बटणाशी झटापट चालली होती. मदतीला जाणार होते, गेले नाही. गेले असते तर रडले असते.

परक्यांना अशा गोष्टी मी रोज सांगते. आवाज कसा ठेवायचा, आधी काय, मग काय, सगळं पाठ आहे. मॅडमच्या ओळखीने गुरुवारची वेळही घेतली डॉक्टरांची. मास्तरला मात्र सांगवत नाही. त्याने एकच गोष्ट मागितली होती, त्या नजरेने बघू नको. आणि बघितलं कोणाला, तर त्यालाच!

रविवारी. चहा झाल्यावर. आता पुढे ढकलायचं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

चहा झाला. "मास्तर, बोलायचं होतं."

"बोल. आठवडाभर वाट बघतोय."

शेवटी प्रेक्षकांना चालायला बोलावतात, हे संगीताच्या बाईंनी त्याला आधीच सांगितलं होतं. फळ्यावर लिहिताना हात ऐकत नाही, दोन महिने झाले. विचारायचं कसं? बंदी त्यानेच घातलेली.

"म्हटलं, तुला लांबून दिसू दे. तुला दिसलं नाही, तर काहीच नाही असं धरायचं."

मग कप खाली ठेवून म्हणाला, "उजवा ना?"

"उजवा."