दांडा, गट्टी आणि टकलू

२ जून, मंगळवार
प्लंबर आजही आला नाही. "मॅडम, उद्या नक्की!" याचा उद्या कुठल्या कॅलेंडरात असतो कोण जाणे.

सोमवारी हॉस्पिटलची फिजिओथेरपीवाली घर पाहायला येणार. बाथरूमच्या भिंतीला धरायला स्टीलचा दांडा पक्का बसलेला दिसला, तरच ह्यांना घरी सोडणार. नाहीतर शुश्रूषा केंद्र. लेकीने तिथली खोलीसुद्धा पाहून ठेवली आहे. "आई, तुला एकटीला झेपायचं नाही गं."

मला!

दांडा मीच बसवणार. इंटरनेटवर सगळं शिकवतात म्हणे.

३ जून, बुधवार
सकाळभर व्हिडिओ. एक टकलू त्यातल्या त्यात बरा — फालतू बडबड नाही. टाइलवर चिकटपट्टी, त्यावर फुली, फुलीवर ड्रिलने भोक, भोकात प्लॅस्टिकची गट्टी, गट्टीत स्क्रू. समजलं.

ह्यांचं ड्रिल मशीन माळ्यावरून काढलं. लग्न झाल्यापासून त्या हत्यारांना मला हात लावू दिलेला नाही. "राहू दे, तू मोडशील." आता म्हणून दाखवा!

— लिहून गेले खरं. अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांच्या तोंडून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा. लेक म्हणते, आशा धरू नकोस.

४ जून, गुरुवार
भोक पडत नाही! मशीन बोंबलतं, धूर निघतो आणि टाइलवर नुसता ओरखडा.

टकलूच्या व्हिडिओखाली प्रश्न टाकला. कुणीतरी लिहिलं, "काकू, बिट बोथट झालं असेल." बिट म्हणजे पुढची ती भोक पाडायची सळई. दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, "साहेबांना पाठवायचं ना."

"साहेब येतील. तुम्ही बिट द्या."

नव्या बिटनेही तेच. दुसऱ्याचा सल्ला — "जोर लावा." लावला. खांदा भरून आला, भिंत ढिम्म!

५ जून, शुक्रवार
लेक आली. मला स्टुलावर, डोक्याला फडकं, डोळ्यांवर ह्यांचा गॉगल आणि हातात बोंबलणारं मशीन अशा अवतारात पाहून हसत सुटली. मोबाइलवर शूटिंगही केलं. मग गंभीर झाली. "आई, पुरे आता. केंद्रात कळवू का?"

"सोमवार उजाडू दे, मग कळव."

म्हणाले खरी, पण आवाजात दम नव्हता. तिला कळलं असावं. जाताना भांडी घासून गेली.

६ जून, शनिवार
सकाळी आम्ही दोघी हॉस्पिटलात गेलो. लेकीने बाबांना माझा तो व्हिडिओ दाखवला, जरा करमणूक म्हणून. एरवी छताकडे लागलेले डोळे मोबाइलवर खिळले. डावा हात पलंगावर आपटायला लागले. ती घाबरली — "नर्सला बोलावते!"

मी तिला थांबवलं. कपाळावरच्या त्या आठ्या माझ्या चांगल्या ओळखीच्या. "काय चुकलं माझं? बोला!"

ओठ हलले. पुन्हा हलले.

"उल... उलटं!"

मशीन उलटं फिरत होतं. दिशा बदलायचं बाजूला एक बटण असतं!

दुपारी चारही भोकं पडली. दांडा बसला — लोंबकळून पाहिलं. लेक अजून रडते आहे. मी माझं रडणं मशीन चालू होतं तेवढ्यात उरकून घेतलं.