आत वायूच नसला तर

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता तुमचाच विषय शिकवते, नववीला भूगोल. या आठवड्यात ज्वालामुखीचा धडा होता. एका मुलीनं असं काही विचारलं की मला उत्तर येईना. तेव्हा आधी तुम्ही आठवलात, म्हणून लिहायला बसले.

शुक्रवार पेठेतलं तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. शाळेत भूगोलाला प्रयोगशाळा कोण देणार, म्हणून तुम्ही आम्हा तिघी मुलींना रविवारी घरी बोलावलं होतं. गॅसवर एका पातेल्यात साखरेचं पाणी, दुसऱ्यात पिठलं. दोन्ही उकळायला लागतात. पाण्यातले बुडबुडे वर येतात, फुटतात, संपतं. पिठलं मात्र आधी फुगतं, जरा थांबतं, आणि फट्‌दिशी उडतं. मी वाकून बघत असते, एक थेंब थेट मनगटावर येतो. तुम्ही रागावलात की पुस्तकी बोली गळून पडायची. "मागं सरक म्हनलं हुतं की! कान हायत का न्हाईत?" मग माझा हात धरून नळाखाली नेलात आणि तसाच धरून धडा पुढं चालू ठेवलात. शिलारसात सिलिका कमी आणि उष्णता जास्त असली की तो पातळ राहतो, आतला वायू सहज निघून जातो, आणि लाव्हा नुसता वाहत सुटतो. आपल्याकडं तसंच झालं, जमिनीला लांबलांब भेगा पडल्या आणि थरावर थर पसरले. आपल्या पायाखालचा काळा दगड त्यातलाच. सिलिका जास्त असली की शिलारस घट्ट होतो, वायूला वाट मिळत नाही, तो कोंडून राहतो आणि शेवटी डोंगराचा माथाच उडवून देतो. एवढं सांगून तुम्ही आम्हाला तेच पिठलं भाकरीबरोबर वाढलंत.

यंदा थंडीत माझे यजमान गेले. दुपारी ऑफिसात छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं झालं होतं. मी सह्या केल्या, नातेवाइकांना फोन केले, आल्यागेल्याचं जेवण बघितलं. नणंद कुंभारीहून येऊन राहिली होती. ती रोज जवळ बसून म्हणायची, "वैनी, एकदा रडा की. आत ठिवू नका, भाईर पडू द्या." मी मान हलवायची आणि तिला विचारायची, चहा टाकू का. घरातले सगळे माझ्याकडं बघत असत, कुकरची शिट्टी व्हायची वाट बघावी तसे. मला वाईटही वाटत नव्हतं, बाई. काहीच वाटत नव्हतं. इस्त्रीवाल्याकडून त्यांचे शर्ट आले, मी मोजून घेतले आणि कपाटात ठेवले. दिवसकार्य झालं तशी शाळेत जायला लागले.

तर परवा वर्गात मी तुमचंच सगळं सांगत होते, पातळ तर वाहतो, घट्ट तर फुटतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. वळसंगहून रोज एसटीनं येते, एरवी तोंड उघडत नाही. म्हणाली, "मॅडम, घट्ट हाय, पर आत वायूच न्हाय, तर मग काय हुतंय?" वर्ग हसला. मी हसले नाही. खडू खाली ठेवून म्हणाले, "उद्या सांगते."

घरी जाऊन जाडं पुस्तक काढलं. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, की मग तो फुटतही नाही आणि वाहतही नाही. हळूहळू वर सरकतो आणि तोंडाशीच साचून थिजतो. त्याचा एक घुमट तयार होतो.

"मग संपलं?" ती म्हणाली.

"संपलं," मी म्हणाले. "गार होत राहतो." तिनं ते वहीत लिहून घेतलं.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, पाठवायला तुमचा पत्ता तरी कुठला? पण तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही. पुस्तकात पुढं आणखी एक ओळ होती, की कधीकधी त्या थिजलेल्या घुमटाखाली खालून नवा वायू येऊन साठतो, आणि सगळं गार झालं असं वाटत असतानाच तो फुटतो. ती ओळ मी दोनदा वाचली होती. वर्गात सांगितली नाही.