स्वखुशीने दाखला

२२ एप्रिल
मु.अ.नी नववीच्या सगळ्या वर्गशिक्षकांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. त्यांचा चहा आला की काम घाणेरडं असणार, हे बावीस वर्षांत कळलंय मला. दरवर्षीचंच. प्रत्येक वर्गातली चार कच्ची पोरं काढायची. पालकांचा अर्ज घ्यायचा, ‘घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने दाखला हवा’. मग पोरांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची. नापास झाली तरी आपली नाहीत. आपला निकाल शंभर टक्के.
स्वखुशीने म्हणे. मेल्यांनो.

२४ एप्रिल
माझ्या ९ क ची यादी: तीन पोरं आणि अश्विनी. गणितात ढकलून पास.
हीच अश्विनी. गेल्या महिन्यात महापालिकेचे साहेब आले म्हणून रोबोटची लॅब उघडली, वर्षातून तेवढीच उघडते. ऐन वेळी रोबोटची गाडी चालेना. लॅबचे सर माहितीपुस्तिका शोधत बसले, हिनं वायर काढून दुसरीकडं लावली, चालली. तिचा फोटो आता प्रवेशाच्या फ्लेक्सवर. फोटो ठेवायचा, पोरगी काढायची.
मु.अ.ना म्हटलं तर, ‘मॅडम, वायरी जोडण्याचे मार्क बोर्ड देतं का?’
देत नाही. माणूस हलकट, पण यात बरोबर. त्यानंच डोकं फिरलं.

२६ एप्रिल
पालक आले. अर्ज नेहमीप्रमाणं मीच लिहिले. तिघांनी न वाचता सह्या केल्या.
अश्विनीची आई शेवटी आली. सिल्लोडकडची, कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करते, अर्धी सुट्टी टाकून आलेली. म्हटलं, बाहेरून दिली की ताण कमी. धडधडीत खोटं.
‘तुमी म्हणता तर चांगलंच असंल, मॅडम. मला काय कळतं त्यातलं.’
सही करायला पोरीनंच शिकवलंय म्हणाली. सावकाश केली. मग दारातून वळून, ‘म्हंजी आता शाळंत यायचं नाय का तिनं?’
म्हटलं, तसं नाही हो, म्हणजे…
पुढं काय बोलले आठवत नाही.

२७ एप्रिल, रवि.
भेंडी करपली. ह्यांच्यावर उगाच खेकसले. हे म्हणाले, ‘दरवर्षी करतेस की. आत्ताच काय झालं?’
खरंय. दरवर्षी करते. काढलेल्या एकानं तरी पुढं फॉर्म भरला का, कधी पाहिलं नाही. मागं गारखेड्यात साडीच्या दुकानात एक दिसली होती, घड्या घालत. लई मायेनं ‘मॅडम, बसा ना’ म्हणाली. दहावीचं विचारायची हिंमत झाली नाही.
लाज वाटते. लिहिलं एकदाचं.

२९ एप्रिल
मु.अ.ना तीन अर्ज दिले.
‘चौथा?’
‘मिळणार नाही.’
आधी गोडीत, मग शाळेची इज्जत, मग माझी बदली. शेवटी म्हणाले, ‘मग लेखी द्या. पोरगी दहावी पास होईल, नाही झाली तर जबाबदारी तुमची.’ त्यांना वाटलं, बाई घाबरेल. घाबरलेच होते. पण कागद त्यांच्याच टेबलावरून ओढला, लिहिलं, सही केली, आवकचा शिक्का मारून घेतला. चौथा अर्ज तिथंच फाडला.
आणि उरलेले तिघं? त्यांच्यासाठी कागद का नाही ओढला? भांडायची ताकद एकीपुरतीच होती, असं लिहिलं तर बरं वाटतं. तेही खोटंच असेल.

२ मे
अश्विनीच्या आईला फोन केला. पोरगी शाळेतच राहील म्हटलं.
‘व्हय का? मग चांगलंच हाय.’
त्या दिवशीही चांगलंच, आजही चांगलंच. मी काहीही सांगावं आणि हिनं मान डोलवावी. बाई, भांड की जरा माझ्याशी. इतका राग आला.

५ मे
अश्विनीला शाळेत बोलावलं. सुट्ट्यांत शिकवायचं तर आधी कळायला हवं, किती येतं. आठवीच्या गणिताचा वीस मार्कांचा पेपर दिला. दीड तास बसली, पेनचं टोपण चावत. अपूर्णांकांपाशीच अडकलीय. म्हणजे पाचवीपासून कुणी बघितलंच नाही. त्यात मीही आले, गेलं वर्षभर माझ्याच वर्गात होती.
वीसपैकी चार. त्यातला एक मी दयेनं दिलेला.
‘बरं हाय का, मॅडम?’
म्हटलं, ‘लई वाईट आहे.’
तिला वाटलं मी चेष्टा करतेय. हसली.