आजाऱ्यांच्या यादीतलं राहिलेलं नाव

तीर्थरूप पेरीनाताईस,

धाकट्या जेर्कोचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? मठाच्या पायऱ्या सारख्या चढू नकोस, देवाला खालूनही ऐकू येतं. बेटावर सगळे ठीक. यंदा ऑलिव्ह कमी, पण सार्डिन मासळी भरपूर. (फोन का केला नाही म्हणशील. हे बोलायला जीभ वळली नसती.)

आमचे नवे फादर स्तिपान भारी शिस्तीचे. उन्हाळ्यात एका पाहुण्याने मिस्सेत हातावर ठेवलेली ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती आठवण म्हणून शर्टाच्या खिशात टाकली, तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. हातात घेतलेला प्रसाद आपल्यासमोरच तोंडात गेला पाहिजे, असं त्यांनी वेदीवरून बजावलं आणि पहाऱ्याला मला उभं केलं. तीस वर्षं चर्चच्या मेणबत्त्या पुसणाऱ्या माणसाला अधिकार मिळाला की काय होतं, तुला सांगायला नको. पहिल्याच रविवारी मी बेकरीवाल्या म्हाताऱ्याला (दात नाहीत, बिचारा घोळवत होता) तोंड उघडून दाखवायला लावलं. दुसऱ्या रविवारी एका जर्मन बाईला अडवलं. ती नुसती शिंक दाबत होती.

तिसऱ्या रविवारी आली दोब्रीलावहिनी, आपल्या थोरल्या विच्कोदादाची बायको. तिने प्रसाद मोडला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा रुमालात बांधला आणि चालू पडली. मी अंगातल्या चर्चच्या झग्यासकट मागे. मासळीबाजारासमोर झग्यात पाय अडकून आडवा झालो (टाळ्या पडल्या), तरी तिला तिच्या दारात गाठलंच.

"वहिनी, रुमाल सोडा! ही काय घरी न्यायची मिठाई आहे? आजाऱ्यांकडे फादर स्वतः प्रसाद घेऊन जातात, दर पहिल्या शुक्रवारी."

"ओरडू नका भावजी, ते आत झोपलेत. फादर खालच्या घरी जातात, वरच्या घरी जातात, आमच्याच दाराशी थांबत नाहीत. मार्चपासून हे खुब्याचं हाड मोडून पडलेत. ती आजाऱ्यांची यादी कोण लिहितं हो?"

(यादी मी लिहितो.)

सहा वर्षांपूर्वी गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत बाबा उचलायचे तो क्रूस त्यांच्यामागे कोणी उचलायचा यावरून दादाचं आणि माझं बोलणं तुटलं, ते तुला ठाऊकच आहे. मी त्याचं नाव मुद्दाम गाळलं असं नाही. ते लिहायची वेळ आली की पेन्सिलीचं टोक मोडायचं, इतकंच. वहिनी आत गेली. मी पायरीवर बसून राहिलो. आतून खोकला ऐकू आला, अगदी बाबांसारखा. लाज वाटली ताई, आणि रडूही आलं.

फादरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनींना मी समजावतो. पण तुमचं काय करायचं?"

तब्येतीला जप.

तुझा,
जेर्को

ता. क. सोबत सुके अंजीर पाठवले आहेत. सगळे इतर सिस्टरांना वाटून टाकू नकोस.

ता. क. यादीत नाव घातलं, सगळ्यात वर. पण फादरांच्या पुढे मेणबत्ती घेऊन मलाच घरात शिरावं लागतं. दादा मला उंबऱ्यावरूनच हाकलेल. पत्र मिळाल्याबरोबर त्याला फोन कर. तुझं तो ऐकतो.

ता. क. सहा वर्षं दर रविवारी सगळ्यांच्या आधी प्रसाद मीच घेतला, हात जोडून, जागच्या जागी, अगदी नियमाप्रमाणे. काल मात्र बाकावरून उठलो नाही. दादाने आधी घेतला की मग घेईन म्हणतो.