लोहपलटण आणि सुरभीचा बैल

५ ऑगस्ट, मंगळवार
आजपासून रोजनिशी. वेल्डर लोक लिहीत नाहीत हे खरं, पण मी नुसता वेल्डर नाही, आयटीआय फिटर आहे. आमच्या बोरी अरब गावात गेटची डिझाईन स्वतःच्या डोक्यातून काढणारा मी एकटाच.

संकल्प: यंदा तान्ह्या पोळ्याला सुरभीचा बैल असा बनवायचा की गाव बघत राहावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाकीची पोरं लाकडी बैल दोरीने ओढत मारुतीपुढे आणतील. आमचा बैल स्वतः चालेल. मान हलवेल. डोळ्यांत लाईट. 'लोहपलटण' बघताना सुचलं. जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका आहे, हिंदी डबिंगमध्ये, चोवीस एपिसोड. पाच मजली लोखंडी रोबोट, आत बसून सैनिक चालवतात.

सुरभीला सांगितलं. पोरगी आठ वर्षांची आहे, माझ्यावर पूर्ण विश्वास. वर्षाला सांगितलं. ती काही बोलली नाही. बायको बोलली नाही म्हणजे पटलं. दोन आठवडे आहेत, भरपूर झाले.

७ ऑगस्ट, गुरुवार
एपिसोड १ ते ५. अभ्यास म्हणून.
जमेची बाजू: रोबोटला वजन आहे. चालला की डांबर खचतं. गुडघ्यातून ऑइल गळतं आणि खाली मेकॅनिक चिंध्या घेऊन धावतात. लढाईपेक्षा दुरुस्तीच जास्त. बनवणाऱ्याने नक्की कधीतरी गॅरेजात काम केलं असणार.
उणी बाजू: मीटिंगा. शत्रू वेशीवर आला तरी हे नकाशावर काठी फिरवत बसतात. तेवढ्या वेळात माणूस काम उरकून मोकळा होईल.
बैलाचं काम सुरू केलं नाही. आधी डिझाईन पक्कं पाहिजे.

१० ऑगस्ट, रविवार
काम सुरू. आतला सांगाडा म्हणून घरातला लाकडी बैलच घेतला. माझ्या लहानपणी बाबांनी दारव्ह्याहून आणला होता, आता तान्ह्या पोळ्याला सुरभी नेते. नाव ढवळ्या. अस्सल सागवान, कापायला दम लागला. पाय वेगळे, मान वेगळी, चाकं वेगळी. सगळं माझ्या वेल्डिंगच्या दुकानात पोत्यात भरलं.

सुरभी विचारत होती, पप्पा, ढवळ्या कुठी गेला. मी म्हणालो, मिलिटरीच्या ट्रेनिंगले गेला. खूश झाली. पोत्यात तो फारच थोडासा दिसतो. उगाच कसंतरी झालं. वरून पत्रा टाकला.

१३ ऑगस्ट, बुधवार
जीपच्या वायपरची जुनी मोटर मिळाली. बॅटरी बाबांच्या फवारणी पंपाची काढली. नेमकं आजच त्यांना सोयाबीनवर फवारायचं होतं. म्हणे, काहून रे, पंप काहून सुरू होऊन नाही राह्यला. मी म्हणालो, चार्जिंगचा प्रॉब्लेम असेल. बॅटरीच नाही म्हणजे चार्जिंगचाच प्रॉब्लेम झाला, तसं खोटं नाही. ते दांडा मारायचा जुना पंप पाठीवर घेऊन गेले. सत्तरी गाठली आहे. या वयात व्यायाम चांगला.

मोटर जोडायची राहिली. एपिसोड ६ ते ११.
उणी बाजू: रोबोट बनवणारा कर्नल. पोरगा रोज जेवणाच्या टेबलावर वाट बघतो आणि हा आज येतो, उद्या येतो करत कारखान्यातच. लेखकाने फार ताणलं आहे. असा बाप कुठे असतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
शाळेत झेंडावंदन. सुरभीच्या मॅडम भेटल्या. म्हणाल्या, तुमचा बैल म्हणे आपोआप चालणार, वर्गात रोज तोच विषय असतो. मी हसलो.
संकल्प: ॲनिमे बंद. रोज दोन तास फक्त बैल.

त्याच दिवशी, संध्याकाळ
एपिसोड १२. सुट्टीचा दिवस होता. संकल्प उद्यापासून धरावा.

१८ ऑगस्ट, सोमवार
एक पाय झाला. खरंच सुबक झाला. पहिला पाय सगळ्यात अवघड, म्हणजे अर्धं काम झालंच म्हणायचं. बक्षीस म्हणून १३ ते १७.
जमेची बाजू: मेलेले सैनिक मेलेलेच राहतात, पुढच्या एपिसोडला परत उभे होत नाहीत.
उणी बाजू: रॉकेट सुटण्याचं एकच दृश्य दर वेळी परत दाखवतात. कामचुकारपणा मला सहन होत नाही.

वर्षा डबा घेऊन दुकानात आली आणि पत्रा सरकवून पोतं उघडलं. मग एवढंच म्हणाली की पोरीले तुम्हीच सांगा, मी नाही सांगत. डबा ठेवून गेली. भाजी चांगली होती, पण खाल्ली गेली नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
उद्या पोळा. बाबांनी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावलं आणि रीतीप्रमाणे त्यांच्या कानात सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सुरभी माझ्याकडे आली. म्हणे, ढवळ्याले आवतन कोन देईन? मी म्हणालो, मी देतो. आणि दुकानात पळालो.

तीन पाय लोखंडी, चौथा जुना लाकडी. लोखंड लाकडाला धरत नाही हे मला माहीत असायला पाहिजे होतं. माहीत होतंच. आज ॲनिमे बघितलं नाही. म्हणजे फक्त १८ ते २१ बघितले, तेही वेल्डिंग थंड होईपर्यंत.

२३ ऑगस्ट, शनिवार, दुपार
सकाळी अंगणात बैल उभा केला. सुरभी नवा फ्रॉक घालून, हातात रंगीत दोरी घेऊन पुढे उभी. बटण दाबलं. मोटर वायपरची, तिने वायपरचंच काम केलं. बैल जागच्या जागी डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, परत डावीकडे. मग मान गळून पडली. मानेच्या आतून ढवळ्याचा कान बाहेर आला. सुरभीने तो ओळखला.

रडली असती तर बरं झालं असतं. दोरी गुंडाळली आणि वर्षाचा हात धरून मारुतीकडे गेली. मी गेलो नाही. कोणी गेट घ्यायला येईल म्हणून दुकान उघडं ठेवलं. आज कोण गेट घ्यायला येतं.

संध्याकाळ
वर्षाने सांगितलं. पोरं आपापले बैल घेऊन रांगेत होती. सुरभी रिकामी दोरी धरून रांगेत उभी राहिली. पोरांना बोजारा म्हणून खाऊ वाटणाऱ्या रुखमाबाईंनी विचारलं, तुहा बैल कुठी हाय वं? तर म्हणे, बिमार हाय. पप्पा त्याच्यापाशी बसले हायेत, म्हनून ते नाही आले.

शटर अर्धं ओढून रडलो. मी नालायक बाप आहे. हे एकदा लिहून ठेवतो.

संकल्प: उद्या सकाळी उठल्याबरोबर सुरभीची माफी मागायची.

२५ ऑगस्ट, सोमवार
'लोहपलटण' संपवली. शेवट कच्चा. कर्नल शेवटच्या पाच मिनिटांत पोरापुढे गुडघे टेकतो, चुकलो म्हणतो, पोरगा गळ्यात पडतो. इतकं सोपं नसतं. मी कालपासून तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा पाणी मागितलं. तिने तिन्ही वेळा आणून दिलं.

आज तिला शाळेत सोडताना रस्त्यात रुखमाबाई भेटल्या. चार बायका सोबत. मलाच विचारलं, काय रे, पोरीचा बैल बरा हाय काय आता? सुरभीने माझा हात एकदम घट्ट धरला. वर बघितलं नाही. मी म्हणालो, हो मावशी, सुधारून राह्यला. खायले लागला थोडंथोडं.

तिचा हात सैल झाला. शाळेच्या फाटकापर्यंत तो माझ्या हातातच होता.

निदान या वेळी तरी मी ऐन वेळी तिच्या पाठीशी उभा राहिलो. याची नोंद असावी.