पुसलेली सोयरीक

जुईनगर,
ता. २९ ऑक्टोबर १९९६

ती. अक्का,

दोन्ही गुडघे कुरकुरत असताना घातलेला हा दंडवत गोड मानून घे. तुझी सांधेदुखी आणि दाजींचा खोकला यांत सध्या पुढं कोण आहे ते कळव. मसूरला थंडी पडली असेल तर दाजींना कानटोपी घालायला लाव, ते ऐकणार नाहीत, तरी लाव. आम्ही इथं बरे आहोत. म्हणजे वेणू बरी आहे, लेक ज्ञानेश्वरी बरी आहे, आणि मला त्या दोघींच्या मते वेड लागलंय. खरं काय ते तूच वाचून ठरव.

नोकरीतून सुटल्यापासून मी आपल्या सातारकडच्या लोकांसाठी वधूवर मंडळ चालवतो आणि सगळी स्थळं कॉम्प्युटरात ठेवतो, हे तुला ठाऊक आहेच. (दाजी त्याला लग्नाचा टीव्ही म्हणतात. म्हणू देत.) तर यंदा खंडेनवमीला त्याची पूजा करायचं ठरलं. आता तुझ्या भावजयीचा नियम असा, की पूजेआधी वस्तू रिकामी करून घासूनपुसून घ्यायची, मग तो पिठाचा डबा असो नाहीतर देवाचा तांब्या. मी झेंडू आणायला वाशीला गेलो, तेवढ्यात तिनं कॉम्प्युटरही आतून स्वच्छ केला. ज्ञानेश्वरीनं कधीतरी हौसेनं तिला कॉम्प्युटर शिकवला होता, त्यातलं फायली पुसणं तेवढं बाईच्या पक्कं लक्षात राहिलेलं. मी येऊन बघतो तर वर हळदकुंकू, फुलं, उदबत्ती, आणि आत ठणठणाट! शेकड्यांनी स्थळं गेली. वर वेणूच मला म्हणते, "किती गच्च भरलं होतं हो! आता बघा कसं मोकळं वाटतंय." सणासुदीला घरात भांडण नको म्हणून मी दसरा उलटेपर्यंत दम धरला आणि मग भांडलो.

पण हातपाय गाळून बसणाऱ्यांतला मी नव्हे. स्टेशनजवळ आरिफा म्हणून एक बाई कॉम्प्युटरचा क्लास चालवते. मूळची म्हसळ्याकडची, हुशार, पण जीभ म्हणजे लवंगी मिरची. तिला घेऊन आलो. तिनं कसलीशी कमांड दिली आणि काय सांगू अक्का, गेलेली स्थळं एकेक करून परत यायला लागली! फक्त प्रत्येक फायलीच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं मशीन गिळून बसतं, ते आपण सांगायचं. मी धडाधड सांगत सुटलो. पण त्या नादात मी स्वतःच पूर्वी पुसून टाकलेल्या जुन्या फायलीही उठून बसल्या. दर वर्षीची फाईल शेजारी लावली, तर साताऱ्याची ती प्रियदर्शिनी तीन वर्षं पंचविशीतच आहे. आणि कोरेगावचा एक नवरदेव दर वर्षी इंचभर उंच होतोय. (कुठला ते विचारू नको. दाजींचा पाहुणा आहे.)

मी म्हटलं, आरिफाबाई, ह्या तर मी पुसल्या होत्या ना? तर ती म्हणाली, "काका, डिलीट मारलं म्हणजे तुमी दारावरची पाटी काढली फक्त. भाडेकरू आतच बसलाय. त्याच्या जागेवर दुसरा येऊन बसला, तरच तो हलतो."

हे ऐकलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. का, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझा जुना कॉम्प्युटर मी एपीएमसी मार्केटातल्या रणजीतरावांना दिला, त्यांचा कांद्याचा गाळा आहे. देताना सगळं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. पाटी काढली होती म्हण! त्यात आपल्या ज्ञानेश्वरीचीही फाईल होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात मीच लिहिलेलं होतं, 'साखरपुडा मोडलेला'. तीन वर्षांपूर्वीचं ते सगळं तुझ्यासमोरच झालं, पुन्हा उगाळत नाही. आता या रविवारी उंब्रजची माणसं तिला बघायला येतायत. मुलगा विश्वजित, बेलापूरला नोकरीला, लाखात एक. आणि त्याच्या चुलत्याचा गाळा रणजीतरावांच्या गाळ्याला लागून! मी वेणूला सांगितलं, तो कॉम्प्युटर पुसल्याशिवाय दाढी करणार नाही. ती म्हणाली, पाहुण्यांच्या आत आटपा.

झालं, आरिफाला घेऊन मार्केट गाठलं. रणजीतरावांना वाटलं, मी इन्कम टॅक्सवाल्यांना फितूर झालोय. चहा होईपर्यंत त्यांची समजूत काढली. कॉम्प्युटर त्यांनी शोभेला ठेवलेला, वर लिंबाची टोपली, वापर शून्य. म्हणजे माझे भाडेकरू आत मजेत! आरिफानं काय काय शिल्लक आहे ते बघायला कमांड मारली आणि पडद्यावर पोरीच पोरी, नाव-वय-उंचीसकट. हमालांनी गोण्या खाली टाकल्या आणि भोवती कोंडाळं केलं. रणजीतरावांचा धाकटा भाऊ बिनलग्नाचा, ते चष्मा लावून "ही बरी आहे, देवक काय हिचं?" करायला लागले. मी एक रिकामं बारदान उचललं आणि पडद्यापुढं धरून उभा राहिलो. म्हटलं, लोकांनी विश्वासानं दिलेल्या लेकी आहेत, भाजीबाजार मांडलेला नाही! (मार्केटात उभं राहून हे बोलायला नको होतं, पण बोललो.)

पुसायची रीत अशी, की रिकाम्या खोल्यांत दुसरं काहीतरी कोंबायचं. एकच फाईल कॉपी करत राहायची, मशीन "जागा नाही" म्हणेपर्यंत. माझ्या खिशात फ्लॉपी होती, तिच्यात मंडळाची लग्नपत्रिका, नावांच्या जागी टिंबं. घातली तीच! आमचे येथे श्रीकृपेकरून चि. टिंबटिंब यांचा विवाह चि. सौ. कां. टिंबटिंब हिजशी. दुपार टळेपर्यंत ही लग्नं लागत होती. शेवटी मशीननं हात टेकले. मग पत्रिका पुसल्या, आरिफानं पुन्हा शोधून बघितलं, तर कुठल्याही कोपऱ्यातून लग्नपत्रिकाच वर येते. मी तिथंच मार्केटातल्या सलूनात बसून दाढी केली.

बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
बाबासो

ता. क. खरं काम राहिलंच. उंब्रजची माणसं चौकशीला तुझ्याकडं आल्याशिवाय राहणार नाहीत. अक्का, साखरपुड्याच्या त्या भानगडीची आता जगात एकच प्रत उरलीय, ती तुझ्या डोक्यात. आणि तुझ्या डोक्यातलं तोंडात यायला आरिफाची कमांड लागत नाही, समोरच्यानं "आणि काय मग?" म्हटलं की पुरे. तुला आईची शपथ आहे. त्यांना चहा दे, पोहे दे, पण तोंड उघडू नको.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात ज्ञानेश्वरीनं पत्र वाचलं. लालबुंद झालीय. म्हणते, "मोडलेला काय, पप्पा? मी मोडला. नोकरी सोड म्हणाले, मी अंगठी काढून त्यांच्या ताटलीत टाकली. लपवायचं काय त्यात?" आणि म्हणते, विश्वजितला सगळं ठाऊक आहे. तो आणि त्याची आई नवरात्रातच तुझ्याकडं येऊन गेले म्हणे, आणि तू त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलंस, अगदी ती अंगठी ताटलीत कशी वाजली तेसुद्धा. ते ऐकूनच त्याची आई म्हणाली, हीच सून पाहिजे. त्यानं तिला बेलापूरला चहा पिताना सांगितलं. (चहा कधीपासून चाललाय, ते मी विचारलेलं नाही.)

अक्का, मी तीन वर्षं जे लपवत फिरलो, ते तू कौतुकानं सांगत होतीस. मला कळवायचं तरी!

वरची पहिली ता. क. मी काट मारून खोडली आहे. खोडलेलं तू आधी वाचणार, हेही मला माहीत आहे. शनिवारच्या एसटीनं ये. रविवारी पाहुणे बसले, की तूच सांग सगळं, मोठ्यानं, माझ्यासमोर. मला एकदा ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.